दुसऱ्या पुडीचा निष्कर्ष

नेरेइदाच्या वहीत सगळं लिहून झालं होतं, फक्त निष्कर्ष बाकी होता. उद्या शाळेचं विज्ञान प्रदर्शन, आणि बाईंनी बजावलं होतं, "जे दिसलं तेच लिहायचं. मनातलं नको."

दिसलं ते असं: अमावास्येआधी पेरलेला राजमा आणि अमावास्येनंतर कोवळ्या चंद्रात पेरलेला राजमा, दोन्ही रांगा सारख्याच उंच, कीड एकीलाही नाही. होंडुरासच्या त्या डोंगरात कोवळ्या चंद्रात कुणी दाणा पेरत नसे. पीक किडतं म्हणत. पेरणीचा दिवस विचारायला सगळे तिच्या आबांकडेच, फिदेन्सियोंकडे येत. आता नातच त्यांना खोटं पाडणार होती. तिला ते मुळीच बरं वाटत नव्हतं, पण मोजपट्टीला आबा कुठे कळतात?

"वाच की," कणसं सोलता सोलता आबा म्हणाले.

तिने खाली मान घालून वाचलं, "पेरणीवर चंद्राचा काहीही परिणाम होत नाही."

आबांचे हात थांबले. रागावले असते तर परवडलं असतं.

"बियाण्याची दुसरी पुडी," ते शेवटी म्हणाले, "बुधवारी पेरा, असं सांगून तू आठवड्यासाठी शाळेला गेलीस. तुझी बस वळली नि मी ती लगेच पेरली. अमावास्येच्या आधीच."

"आबा! मग महिनाभर मी मोजत बसले ते काय?"

"जन्मात एकदाच कोवळ्या चंद्रात पेरलं, पोरी. तुझी आजी आजारी, पेरणी लांबली होती. सगळ्या शेंगा किडल्या. घरात खायला नाही. त्यात तुझा मामा गेला, तोमास. चार वर्षांचा. चंद्रामुळे गेला का, देव जाणे. पण पुडी हातात घेतली आणि बुधवारपर्यंत थांबायचा धीरच होईना."

मामा होता हेच नेरेइदाला ठाऊक नव्हतं. तिला रडू आलं. डोळे पुसून तिने वाक्य खोडलं. पहिला नंबर गेला, हे तिला कळत होतं.

"पेरताना चूक झाली, असं लिहिते."

"चूक कसली? पेरणारा भ्यायला, असं लिही. आणि तोमासचं नाव घाल. कुठंच लिहिलेलं नाही ते."

तिने लिहिलं, वाचून दाखवलं: "दोन्ही रांगा अमावास्येआधीच पेरल्या गेल्या. त्यामुळे चंद्राबद्दल काहीच सांगता येत नाही. पेरणारा भ्यायला, कारण कोवळ्या चंद्रातल्या पेरणीच्या वर्षी त्याचा मुलगा तोमास वारला."

आबांना वाचता येत नव्हतं. "कुठंय तो?" त्यांनी विचारलं.

तिने त्यांचं बोट धरून त्या नावावर ठेवलं.