माझे पोचे भरू नका

मी दरवाजा बोलतोय. घराचा नव्हे हो, गाडीचा. शिकवणारी बसते त्या बाजूचा. आणि मला भिंतीवर टांगलंय म्हणून माझी कीव करायला आला असाल, तर आल्या पावली परत जा.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी इतका चकचकीत होतो, की लोक माझ्यात बघून भांग पाडायचे. मग बाईंनी आमची गाडी त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलसाठी घेतली आणि माझी रयाच गेली. फाटकाचा खांब, कचऱ्याचा डबा, कुणाची तरी उभी गाडी. शिकणारे मला कशाकशावर नेऊन आदळत, पोचे पाडत. बाई मात्र एवढंच म्हणायच्या, "लागलं नाही ना? चला, पुन्हा." शेवटी माझी काच वर जाईना, तेव्हा गॅरेजवाल्याने मला काढून नवा दरवाजा बसवला. मी ऑफिसच्या मागे धूळ खात पडलो.

त्याच रस्त्यावर आणखी तीन ड्रायव्हिंग स्कूल निघाली. बाईंकडे कुणी फिरकेना. "असंच चाललं तर गाडी विकावी लागेल, वहिनी," ऑफिस सांभाळणारा त्यांचा दीर म्हणाला आणि घाईघाईने मोठा फलक छापून घेऊन आला. स्टिअरिंग धरून हसणारी मुलगी, खाली 'खात्रीने शिका'. फलक वर चढला आणि सगळ्यांनी कपाळाला हात लावला. छापखाना एकच, त्यामुळे चारही दारांवर तीच मुलगी हसत होती! बाईंचं नाव ऐकून आलेले एक निवृत्त मास्तर त्या मुलीला बघून शेजारी शिरले आणि तिथेच नाव नोंदवून मोकळे झाले.

बाईंचा पारा चढला. त्यांनी फलक उतरवला, मला ओढत आणलं, खसाखसा धुतलं आणि माझ्यावर स्वतः ब्रशने लिहिलं: 'हे पोचे आमच्याकडे शिकणाऱ्यांचे. आज ते सगळे एकटे गाडी चालवतात.'

"अहो वहिनी, ही जाहिरात आहे की अपघाताचा पंचनामा?" दीर ओरडला. "लोक पळून जातील!"

"जाऊ देत, भाऊजी. आपल्याकडे येतात ती घाबरलेली माणसं. ती थांबतील."

बाईंनी मला दाराशेजारच्या भिंतीवर टांगलं आणि सगळा रस्ता मला हसला. हसू दे! मला त्या गुळगुळीत फलकांची लाज वाटत होती. मग एक नर्स आली. चारही दारांवरून नुसतीच फिरणारी, आत जायचा धीर न होणारी. माझ्या सगळ्यात मोठ्या पोच्यावर हात ठेवून तिने विचारलं, "हा कुणाचा?"

"तो माझा," बाई म्हणाल्या. "रिव्हर्स कसा घ्यायचा ते दाखवत होते."

नर्स डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि म्हणाली, "मग मला शिकवा." तिच्यापाठोपाठ तिच्या मैत्रिणी आल्या, मैत्रिणींचे नवरे आले. आता गाडी विकायची गोष्ट कुणी काढत नाही.

हल्ली समोरच्यांनीही दरवाजे टांगलेत. कोरे करकरीत, हातोडीने पोचे पाडलेले. ठोका खुशाल! माझ्यापाशी जुने विद्यार्थी गाडी थांबवतात आणि पोरांना दाखवतात, "हा बघ, हा माझा." तुमच्या दरवाजांपाशी कोण थांबतं?

परवा गॅरेजवाला म्हणाला, "बाई, पोचे भरून देतो, फुकट." खबरदार! रंग उडाला तर रंग द्या, गंज चढला तर घासा. माणसांनी दिलेल्या खुणांना मात्र हात लावायचा नाही.