उलट्या तोंडाचा खंड्या

मुलींच्या फुटबॉल संघाला अंगावर एकसारखं असं काही कधी मिळालंच नव्हतं. कुणाच्या अंगात भावाचा शर्ट, कुणाच्या मामाचा. या रविवारी अंतिम सामना, आणि विणकामाच्या दुकानातल्या थोरलीनं शब्द देऊन टाकलेला: सगळ्यांना एकसारखे स्वेटर, छातीवर निळा खंड्या.

दुकान दोघी जावांचं. धाकटी आतल्या खोलीत फोनवर नक्षी काढायची, ती बाहेरच्या यंत्रात आपोआप उतरायची, थोरली विणायची. दोघींचा अबोला सुरू झाला एका कात्रीवरून. टिकला तो या सोयीमुळे. बोलायची गरजच पडत नव्हती.

आणि नेमक्या याच आठवड्यात नक्षी उतरेना. फोनवाली कंपनी आणि यंत्रवाली कंपनी यांचं बिनसलं होतं, पैशाच्या वाट्यावरून म्हणे. एकीनं दुसरीचं ॲपच काढून टाकलं. थोरलीनं दोन्हीकडे फोन लावला. इकडचे म्हणाले तिकडे विचारा, तिकडचे म्हणाले इकडे. झुंज दोन रेड्यांची आणि चुराडा झाडाझुडपांचा. यंत्र धडधाकट, फोन धडधाकट, लोकर ढीगभर, आणि पाखरू काही उतरायला तयार नाही.

"त्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, त्याला मी काय करू?" थोरली भिंतीला म्हणाली.

भिंतीपलीकडून उत्तर आलं. "आपण तरी कुठे बोलतोय, जाऊबाई?"

थोरलीनं चष्मा काढला. तो पुसत म्हणाली, "बाहेर ये. ओळीओळीनं सांग. यंत्राच्या सुया मी हातानं लावते."

कोरडे आकडे ऐकून थोरलीचे हात अडखळू लागले, तेव्हा धाकटीनं आकड्यांना अंगाईची चाल लावली.

*तीन टाके निळे बाई, दोन टाके पांढरे,*
*चोचीपाशी जप गं, पाखरू माझं घाबरे.*

पहिला स्वेटर उतरला आणि दोघी बघतच राहिल्या. खंड्याचं तोंड भलतीकडे. यंत्रावर विणताना कापडाची मागची बाजू आपल्याकडे असते. नक्षी उलटवून घेण्याचं काम इतके दिवस गुपचूप फोनच करत होता.

"तुमच्यावर गेलाय," धाकटी म्हणाली. "तोंड फिरवून बसलाय."

थोरलीला असं हसू फुटलं की लोकरीचा गुंडा पार दारापर्यंत घरंगळला. पुढच्या वेळी मात्र धाकटीनं प्रत्येक ओळ उलटी, डावीकडून गायली, आणि बाकीची सगळी पाखरं सरळ उतरली.

उलटा स्वेटर थोरली उसवणार होती. गोलरक्षक पोरीनं तो हातातून ओढून घेतला. म्हणाली, "या सगळ्या पुढे धावणार. मागं बघणारं कुणी नको?"

रविवारी संघ एका गोलनं पुढे असताना समोरच्यांची शेवटची लाथ बसली आणि चेंडू तिच्याचकडे सुसाटत आला. पोरीनं झेप घेतली, छातीशी कवटाळला, बरोबर खंड्यावर. सामना जिंकला. मैदान उसळलं. बाकावर उभ्या राहिलेल्या दोन बायकांचा घसा आधीच गाऊन गाऊन बसलेला. तरी सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच होता.

कंपन्यांचं अजून जुळलेलं नाही म्हणतात. दुकानातून मात्र गाणं ऐकू येतं.