उणे चार, वारा पडलेला

माझ्या नाकावर राग असतो हे आई सांगायची, नवरा सांगतो, दुकानातली गिऱ्हाइकंही दबक्या आवाजात सांगतात. पण त्या रागापायी मी एक माणूस मारला, हे फक्त शिखरावरच्या मंडळींना ठाऊक आहे.

घाबरू नका, माणूस खोटा होता. टीव्हीवर तेव्हा एक मालिका लागायची. बर्फाच्या शिखरावरचं हवामान केंद्र आणि तिथे अडकलेली सहा माणसं. तेराव्या भागात, भर वादळात कुणीतरी दार ठोठावलं आणि वाहिनीने मालिकाच गुंडाळली. दार उघडलंच नाही हो! मग आम्ही तीस-चाळीस वेडे इंटरनेटवरच्या एका फोरमवर जमलो आणि ते दार आम्हीच उघडलं. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याच्या तोंडून बोलायचं, गोष्ट पुढे न्यायची. सहा पात्रं पुरेनात म्हणून नवी जन्माला घातली. मला पोचायला उशीर झाला, त्यामुळे वाट्याला आली स्वयंपाकीण. अख्ख्या मालिकेत बाईंना दोन वाक्यं, आणि दोन्ही वेळा एकच : "जेवण तयार आहे."

तेवीस वर्षांची होते मी. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायचे. जेवणाच्या सुट्टीत दुकानाच्या कॉम्प्युटरवर बसायचं, एका हातात डबा, दुसऱ्या हाताने टायपिंग. पान उघडायला इतका वेळ लागायचा की तोवर माझा अर्धा डबा संपायचा. पण उघडलं की काय सुख! करडं पान, वर बर्फाचं चित्र, आणि खाली माझी माणसं भांडत बसलेली. त्या चार वर्षांसारखी मजा मला पुन्हा कशात आली नाही.

नियम तीनच. खरं नाव-गाव विचारायचं नाही. बाहेर जाणार असाल तर 'रजेची खोली' नावाच्या पानावर चिठ्ठी टाकायची. आणि दुसऱ्याच्या पात्राला हात लावायचा नाही. त्याला बोलवायचं नाही, हलवायचं नाही, जीव तर अजिबात घ्यायचा नाही. फोरम चालवणारा यावर इतका कडक होता की आम्ही त्याला मास्तर म्हणायचो.

माझं सगळ्यात जास्त जमायचं आणि सगळ्यात जास्त वाजायचं ते नोंदवाल्याशी. त्याचं पात्र हवामानाच्या नोंदी ठेवणारं. त्याची प्रत्येक पोस्ट नोंदीने सुरू व्हायची. "उणे अकरा. वारा ईशान्येकडून. स्वयंपाकीण रागावलेली." मी खुर्चीत एकटीच खो खो हसायचे आणि मालक विचारायचे, "काचेत काय दिसलं गं एवढं?"

एके दिवशी माझ्या स्वयंपाकिणीने धीर करून त्याला विचारलं, "बर्फ वितळला की माझ्याबरोबर खाली उतरशील?" पात्राने पात्राला विचारलं, हे खरं. पण छाती धडधडत होती ती माझी.

उत्तर नाही. एक दिवस, चार दिवस, एकोणीस दिवस. इतरांच्या गोष्टी पुढे गेल्या आणि माझी बाई पळी हातात धरून दारात उभी. विसाव्या दिवशी माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी हिमकडा कोसळवला आणि नोंदवाल्याला त्याखाली गाडून टाकला. वर त्याचा लाडका वायुभारमापक शेगडीच्या मोडक्या दाराला टेकू म्हणून लावला. मास्तरने मला झाडलं. मी त्यालाही उलट झाडलं. दोन दिवसांनी नोंदवाल्याच्या नावापुढे 'शेवटची भेट' म्हणून तारीख दिसली. वाचून गेला होता, एक अक्षर न लिहिता. शिष्ट मेला, असं म्हणून मी फोरम सोडला.

त्याला सोळा वर्षं झाली. मध्यंतरी मास्तरचा मेल आला : फोरम तीस तारखेला दुपारी बारा वाजता कायमचा बंद होतोय, हवं ते उतरवून घ्या. नऊ दिवस हातात होते. मी त्याच मागच्या खोलीत, नव्या कॉम्प्युटरवर, एकेक पान उतरवायला बसले. सगळं हवं म्हणून रजेची खोलीही उघडली. तिथे मी कधी गेलेच नव्हते. दुसऱ्याच्या रजेच्या चिठ्ठ्या कोण वाचतं? मास्तरसुद्धा वाचत नसावा.

त्याची चिठ्ठी होती. तारीख मी प्रश्न विचारला त्याच दिवसाची.

"डोळ्यांचं ऑपरेशन अचानक ठरलंय. तीन आठवडे स्क्रीन बंद. स्वयंपाकिणीला सांगा, उत्तर तयार आहे, घाईत लिहायचं नाहीये. तोवर शेगडी विझू देऊ नका."

आणि मी चष्म्याच्या दुकानात बसून त्याला गाडला! डोळ्यांवरची पट्टी निघाल्यावर त्या माणसाने पहिल्यांदा काय वाचलं असेल? अति राग भीक माग म्हणतात ते उगीच नाही. मी डबा न उघडता घरी नेला.

मास्तरला विचारलं. तो म्हणाला, "मेल सगळ्यांना गेलाय. त्याचा परत आलेला नाही, एवढंच सांगू शकतो."

त्याला जिवंत करायला मला एक ओळ पुरली असती. पण नियम एकदा मोडून बघितला होता, पुन्हा नाही. मी फक्त माझ्या बाईला हलवलं. पहिल्या दिवशी माफी मागितली, तिच्याही तोंडून आणि माझ्याही. मग तिने वायुभारमापक पुसून खिळ्याला टांगला. मग फावडं घेतलं. रोज जेवणाच्या सुट्टीत ती थोडा बर्फ उपसायची आणि त्याच्यापासून हातभर अलीकडे थांबायची.

नवरा म्हणाला, "अगं, सोळा वर्षांनी काय सापडणार तुला?"

"तुझं डोकं," मी म्हटलं आणि रडायलाच लागले.

तीस तारखेला साडेअकरा वाजले तरी काही नाही. तेवढ्यात एक आजी चष्मा घेऊन आल्या, नोजपॅड निघालं होतं. स्क्रू दोनदा खाली पडला. बसवून दिलं आणि मागे पळाले. अकरा बावन्न.

"उणे चार. वारा पडलेला. स्वयंपाकीण रडते आहे असं वाटतं, नक्की सांगता येत नाही, आता एकाच डोळ्याने दिसतं. आत्ता कुठे धीर झाला. हिमकड्याखाली फार राग आला होता, सोळा वर्षांत तोही वितळला. तेव्हाचं उत्तर तेच आहे : येतो. पण उतारावर जपून. मला डावीकडचं काही दिसत नाही."

डोळे पुसायलाही वेळ नव्हता. मी लिहिलं, "स्वयंपाकीण शेगडी विझवते. त्याच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहते आणि हात पुढे करते." पुढचं लिहायचा मला हक्क नव्हता; हात त्याचा होता.

अकरा एकोणसाठला पान पुन्हा उघडलं. खाली त्याचा एकच शब्द होता.

"धरला."

मग बारा वाजले आणि पान उघडेना. बाहेरून मालकांनी हाक मारली, काउंटरवर गिऱ्हाईक आलं होतं. मी म्हटलं, "आले, आले," आणि तशीच ओल्या डोळ्यांनी बाहेर गेले.