आबाजी आणि साईनाथ यांच्यामधली रेघ

सामाजिक जाळ्यांचा अभ्यास करायला फार काही लागत नाही, असं ऋजुताला तिच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माणूस म्हणजे ठिपका. दोन माणसांचा संबंध म्हणजे रेघ. ठिपके आणि रेघा मिळून गाव. उरलेलं संगणक करतो. सर म्हणजे डॉ. अनुपम. ते मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत बसत आणि गावात क्वचित जात. त्यामुळे त्यांचे विचार स्वच्छ असत.

ऋजुता दहिवलीची. मुलीची पीएचडी कशात चालली आहे असं कुणी विचारलं की तिचे वडील दत्तोपंत 'ठिपके जोडते' एवढंच सांगत. शेजारपाजारच्या बायकांनी रांगोळीच्या क्लासची फी विचारून ठेवली होती.

अभ्यासासाठी तिने खालापूरच्या पुढचं, डोंगराच्या पायथ्याचं एक लहान गाव निवडलं. कॉलेजातली मैत्रीण छाया तिथली होती, हे त्यामागचं शास्त्रीय कारण. गावात वरची आळी आणि खालची आळी, मध्ये शेत. शेताच्या बांधावरून वरच्या आळीतले आबाजी आणि खालच्या आळीतला त्यांचा धाकटा भाऊ साईनाथ कित्येक वर्षं बोलत नव्हते. मोठी माणसं बोलत नाहीत म्हटल्यावर दोन्ही आळ्यांनीही जपूनच बोलायचं ठरवलं होतं.

प्रश्न साधा होता. अडीनडीला तुम्ही कुणाकडे जाता? पाच नावं सांगा.

सुरुवात इंदूबाईंच्या ओटीवर झाली. मुंबईची मॅडम आलीय म्हणून आळीतल्या बायका जमल्या होत्या. इंदूबाईंनी समोर बसलेल्यांचीच नावं घेतली. समोरच्या बाईला वगळून भलत्याच बाईचं नाव घ्यायला त्या काही वेड्या नव्हत्या. मग शेजारच्या जनाची पाळी आली.

"इंदूवयनीनं माजं घेतलं ना? मंग माज्यात पयलं तिचंच टाक. आमच्यात कुनाचं ठेवून घेत नाय गं."

लग्नात आलेला आहेर जसा तोलून परत जातो, तशी नावं घरोघरी परत जाऊ लागली. ज्याचं नाव कुणीच घेतलं नव्हतं, तो छायाला वाटेत गाठून कारण विचारू लागला. टेंपोवाल्या साईनाथने तर चारचौघांत, मोठ्याने, पहिलं नाव आबाजींचं सांगितलं. "लिव. आता बघतो, कसा फेडतो ते." खालची आळी पोट धरून हसली. ऋजुता वरच्या आळीत पोचेपर्यंत बातमी पोचली होती. आबाजींनी बसायलाही न सांगता भावाचं नाव लिहायला लावलं. त्याचं देणं नको आपल्याला, असं वर म्हणाले. मग वरची आळी हसली.

नकाशा तयार झाला, तो असा की प्रत्येक रेघ जाऊन परत आलेली. सरांनी तो पडद्यावर मोठा करून पाहिला आणि विचारलं, "अगं, अशी गावं असतात का? घरी बसून भरलंस?"

ऋजुताने आहेराचं सांगितलं. आहेराबद्दल त्यांनी कुठल्याही नियतकालिकात वाचलेलं नव्हतं. पुढच्या महिन्याच्या बैठकीपर्यंत खरी माहिती आणली नाही तर विषय अजेयकडे जाईल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. अजेय व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर काम करत होता, त्याला खुर्चीतून उठावं लागत नसे. विषय गेला तर ऋजुताची आजवरची मेहनत ठिपक्यांसकट त्याला मिळणार होती.

ती परत गावात गेली. आता शिकली होती. माणसाला चारचौघांत विचारायचं नाही आणि 'कुणाकडे जाता' असं तर मुळीच विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर मान असतो. तिने स्वयंपाकघरात, एकेकट्याला विचारलं, गेल्या वेळी घरात कुणी आजारी पडलं तेव्हा कोण आलं? बाकीच्यांना ओटीवर अडवून धरायचं काम छायाकडे होतं, आणि संशोधनातलं सर्वांत अवघड काम तेच होतं.

नावं भराभर गळाली. जना येते का, यावर इंदूबाई म्हणाल्या की येते, बघायला येते. साईनाथने, आपल्याला कुणाची गरज लागत नाही, म्हणून विषय मिटवला.

आबाजींनी मात्र चुलीतलं लाकूड आत सारलं. मग आवाज खाली आणून बोलले.

"चैतात हिच्या छातीत कळ आली. भर दुपार. आळीत एक गाडी नाय. हा टेंपो घेऊन दारात. बोलला नाय, मी बी नाय बोललो. खालापूरला दवाखान्यात नेली. सांजपर्यंत भायेर बसून होता."

"साईनाथकाका?"

"आनि कोन? लिव, पन दाखवू नको. बांध सोडला म्हनतील. दोगांना बी म्हनतील."

घरी येऊन तिने ती रेघ काढली. इतका वेळ पडद्याच्या दोन टोकांना बसलेली, दोन आळ्यांच्या ठिपक्यांची दोन गाठोडी त्या एका रेघेने सरकून जवळ आली. अशा एकाच रेघेवर अख्खा प्रबंध उभा राहतो, हे सरांनीच शिकवलं होतं. पण निष्कर्ष गावाला दाखवायचे, हाही त्यांचाच नियम. नावांऐवजी आकडे होते. तिने नकाशाचा एक कोपरा छायाला दाखवून पाहिला. छायाने चहा गार व्हायच्या आत सगळे ओळखले.

ऋजुताने रेघ पुसली. गाठोडी पुन्हा आपापल्या जागी गेली.

सरांना हा नकाशा इतका आवडला की दाखवायला ते स्वतः आले. समाजमंदिराच्या भिंतीवर दोन गाठोडी आणि मधली मोकळी जागा सगळ्यांनी पाहिली. वरची आळी एका बाजूला बसली होती, खालची दुसऱ्या. सरांनी विचारलं, काही चुकलंय का?

"बरोबर हाय," आबाजी म्हणाले. "काय संबंध नाय आमचा."

"मशीनला कळलं, मानसांना कळत नाय," साईनाथ भिंतीकडे बघतच म्हणाला.

सर खूश झाले. परतताना टोलनाक्याच्या रांगेत त्यांनी बैठकीची काळजी करू नको म्हणून सांगितलं, विषय तिच्याचकडे राहील. पहिला नकाशा लगेच ओळखू आला होता, खोटं कधी लपत नाही. पण इतकी स्वच्छ फूट त्यांनी प्रथमच पाहिली होती.

"स्वयंपाकघरात विचारलंस, ते पद्धतीच्या प्रकरणात सविस्तर लिही," ते म्हणाले. "काही गाळू नकोस."

ऋजुता हो म्हणाली.