काठोकाठ भरलेल्या पिशव्या

आमच्या नर्सरीचे मालक मनोहरराव बोलायला गोड, पण मुद्द्यावर यायला त्यांना दोन मिनिटं लागत नाहीत. आमचे हे पौषात गेले आणि आठव्या दिवशी मनोहरराव नर्सरीतल्या आमच्या खोलीच्या दाराशी हजर.

"देवकीबाई, तुमच्या लहानूनं बांधलेली चारशे संत्र्याची कलमं वाफ्यात आहेत. तुम्ही पिशव्यांत घ्या. जगली तर खोली तुमची. नाही तर मले दुसरा कलम बांधनारा ठेवा लागते, अन् खोली त्याले द्या लागते."

मी हो म्हटलं. राग यायला हवा होता, आला नाही. शेजारची गोपिका डबा आणून द्यायची, मी खायचे. मीठ आहे की नाही तेही कळत नसे.

पंचाहत्तर साल होतं. रोपं लावायचे तेलाचे जुने डबे जाऊन काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या नुकत्याच आल्या होत्या. दोन घमेली गाळाची माती, एक रेती, एक कुजलेलं शेणखत. मुठीत दाबायचं, बोट लावलं की फुटलं पाहिजे. तीन दिवसांत चारशे पिशव्या झाल्या. हात कामावर होते, मी कुठं होते कोण जाणे.

चौथ्या दिवशी मनोहरराव वाकले आणि कपाळाला हात लावला.

"अवं बाई, डोळे कुठी गेले?"

डोळा म्हणजे जंभेरी लिंबाच्या रोपाच्या सालीखाली बसवलेली संत्र्याची कळी. तो मातीच्या वरच राहिला पाहिजे, नाही तर कुजतो. मी बारा वर्षं गुलाब-मोगऱ्याचे डबे काठोकाठ भरत आले. संत्र्याला हे मला हात लावू देत नसत. आता सवयीनं मी चारशेच्या चारशे डोळे गाडले होते.

"काहून असं केलं?"

"मले नाही समजलं," मी म्हटलं. खरंच नव्हतं समजलं.

"आजच उकरा. डोळ्यांवरच्या पट्ट्याही कापून टाका, नाही तर खोड आवळून रोप मरते."

बोटांनी माती काढत गेले. चार बोटं खाली डोळ्यावर बांधलेली प्लास्टिकची पट्टी लागली. गाठ उलटी. हे डावखुरे. इतक्या वर्षांत ही गाठ मी कधी नीट पाहिली नव्हती, आणि आता पाहिली ती ब्लेड हातात घेऊन. पट्टी कापली, खाली डोळा हिरवा, जिवंत. दुसरी कापली. मग मोजणं सोडलं.

ऊन कलताना एकच रोप उरलं. ही एक गाठ राहू द्यावी असं वाटलं. फार वाटलं.

"झाल्या काय?" मनोहररावांनी विचारलं.

"एक राहिली."

"मंग ते काहून ठेवली?"

मी ब्लेड लावलं. बहुतेक सगळे डोळे हिरवे निघाले होते, खोली माझ्याकडेच राहणार होती. ह्यांच्या हातची एकही गाठ आता कुठं उरली नव्हती, आणि त्या सगळ्या मीच कापल्या होत्या.