दहाव्याचा कावळा

जालन्याच्या लॉजवरची चादर मी झटकली, उलटी केली, आणि दोन्ही बाजूंना दुसऱ्याच कुणाचे तरी केस निघाले. बादलीला आतून शेवाळ धरलेलं. जिन्याच्या वळणावळणावर लोकांनी थुंकू नये म्हणून देवांच्या फरशा बसवल्या होत्या, तर त्या देवांच्याच तोंडावर गुटख्याच्या पिचकाऱ्या. मी नाकाला रुमाल लावला.

आई मात्र त्याच चादरीवर पाय पसरून आडवी झाली. "पंखा किती मस्त फिरून राह्यला गं," म्हणाली.

डिसेंबरात पंखा! पण तिला तो लावूनच झोपायचं होतं, कारण इथं "वीज जळून राह्यली" असं म्हणायला कुणी नव्हतं.

मी नाशकात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांची थुंकी, लघवी, रक्त काचेवर पसरवून बघते. त्याची मला कधी किळस आली नाही. ते बाटलीत असतं, बाटलीवर नाव असतं, आणि ते खोटं बोलत नाही. मला किळस येते ती माणसांची, त्यातही आमच्या घरातल्या.

दादा, म्हणजे माझे वडील रखमाजी, जाऊन दोन महिने झाले होते. त्यांना सगळं गावच दादा म्हणायचं. गळ्यात तुळशीची माळ, भजनात पहिल्या रांगेत जागा. हसनाबादजवळच्या आमच्या गावात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. मी त्यांची एकुलती एक मुलगी. ते गेल्यावर त्यांचा धाकटा भाऊ, माझा अप्पाराव काका, घराचा कारभारी झाला, आणि तो कारभारी झाला दहाव्याच्या दिवशी, एका कावळ्यामुळे.

त्या दिवशी नदीकाठी पिंड मांडला आणि कावळा काही शिवेना. दीड तास गेला. मग नेहमीचा प्रकार सुरू झाला. मेलेल्याची इच्छा राहिली म्हणून एकेकानं पुढं होऊन वचन द्यायचं. कुणी म्हणालं, मंदिराला पत्रे टाकू. कुणी म्हणालं, तृप्तीचं पुन्हा लग्न लावू. चौतीस वर्षांची, घटस्फोट घेतलेली तृप्ती, म्हणजे मी, तिथंच उभी होते, मला कुणी विचारलं नाही. कावळे बाभळीवर बसून होते. शेवटी आई पुढं झाली, पानापुढं डोकं टेकवून बराच वेळ वाकून राहिली आणि तोंडातून अवाक्षर न काढता मागं आली. मग अप्पाराव काकानं घसा खाकरला.

"दादा, वहिनीला आम्ही गाव सोडू देणार न्हाई. शेताची वाटणी होणार न्हाई. सारे एका चुलीवर राहू!"

आणि कावळ्यानं झडप घातली. लोकांनी हात जोडले. काकाच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून तो येणाऱ्याजाणाऱ्याला ही गोष्ट सांगतो, सांगताना गाडीच्या चावीनं कान कोरतो आणि चावीचं टोक धोतराला पुसतो. उषाबाई काकू आईला कान तुटलेल्या कपात चहा देते. दोन म्हशींचं शेण आईकडे, धारा आईकडे, आणि माळवदावर वाळत घातलेल्या मिरच्यांची राखण आईकडे. तिनं तोंड उघडलं की काका म्हणतो, "वहिनी, दादाची इच्छा होती." संपलं. मला त्या घराचा उबग आला होता. तिथला घास घशाखाली उतरत नव्हता.

मला आईला कायमची नाशिकला न्यायची होती. ती जालन्याच्या पुढं यायला तयार नव्हती. "दोन दिवस म्हणून सांगितलं भाऊजीला. दोनच," म्हणाली. दोन दिवस तर दोन दिवस. तेवढ्यात तिला पटवायचं असं मी ठरवून आले होते. दुसऱ्या दिवशीच्या नाशिकच्या बसची दोन तिकिटं माझ्या पर्समध्ये होती. तिला सांगितलं नव्हतं.

दुपारी आम्ही मोती बागेत गेलो. तळ्याच्या कडेला प्लास्टिकच्या पिशव्या तरंगत होत्या आणि एक गृहस्थ बायकोपोरांसमोर निवांत तळ्यातच चूळ भरत होते. आई बाकावर बसून मोसंबी सोलत होती. फोड काढायची, बी तळहातावर थुंकायची, पुन्हा फोड. दोन तास ती काहीही न करता बसली. आयुष्यात मी तिला अशी बसलेली पाहिली नव्हती.

"आई, इथं राहून काय मिळणार तुला? नाशिकला चल."

"मोसंबी गोड हाये," ती म्हणाली. "घे."

"कावळ्यानं सांगितलं म्हणून तू त्या घरात शेणं काढत मरणार का?"

तिनं साल पिशवीत भरलं. मग एकदम म्हणाली, "चल, मला एक गाडा पाहायचाय."

ती जालन्यात वर्षातून एकदा येणारी बाई. पण मोंढ्याच्या बाजूच्या गल्लीत ती वळणं न चुकता शिरली. दिवस मावळत होता. शेवटी एका गाड्यापाशी थांबली. अंड्याचा गाडा होता. काळाकुट्ट तवा, जळकं तेल, खाली बादलीत टरफलांचा ढीग आणि त्यावर माशा. मी रुमाल घट्ट दाबला. मला अंड्याचा वास सहन होत नाही, लहानपणापासून.

गाड्यावरचे दाढीवाले चाचा आईकडे बघत राहिले. आई म्हणाली, "इनायतभाई तुम्हीच का? मी रखमाजीची मालकीण. दोन महिन्यांमागं गेले ते."

इनायतभाईंनी उलथनं खाली ठेवलं. "या अल्ला. म्हणूनच दोन महिने झाले, पाटील दिसले न्हाईत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटी, दर मंगळवारी यायचे बघ. माळ काढून खिशात ठेवायचे. एक डबल आम्लेट इथं खायचे, एक कागदात बांधून न्यायचे. वीस बरस झाले असतील."

मी आईकडे पाहिलं.

"बांधलेलं माझं असायचं," आई म्हणाली. "शेतात, आखाड्यावरच्या खोपीत बसून खायचो आम्ही. या गल्लीचं वळणन् वळण सांगायचे. म्हणायचे, नंदे, गार झालं का गं?"

मला किळस आली, पण त्या तव्याची नाही. मी बारा वर्षांची असताना महजबीनच्या, माझ्या मैत्रिणीच्या, घरी अर्धं आम्लेट खाल्लं होतं. ते घरी कळलं. दादांनी मला अंगणात उभं केलं, कपड्यांसकट डोक्यावर पाणी ओतलं, गोमूत्रानं चूळ भरायला लावली आणि दोन दिवस चुलीजवळ फिरकू दिलं नाही. काका-काकू, शेजारीपाजारी, सगळे बघत होते. तेव्हापासून अंड्याचा वास आला की मला त्या चुळीची चव आठवते आणि उलटी येते. बावीस वर्षं मी ती ओकारी सांभाळली. आणि हा माणूस दर मंगळवारी माळ खिशात ठेवून डबल खात होता!

"तुला माहीत होतं," मी म्हणाले. "आणि तू गप्प बसलीस."

"त्या वक्ताला तेही खात नव्हते गं. दोन वर्षांनी सुरू केलं. पहिल्या दिवशी आणलं तवा रडले. म्हणले, पोरीला लई केलं मी."

"मग मला का नाही सांगितलं?"

"गावात तोंड दाखवायचं होतं ना त्यांना." आई बाकड्यावर बसली. "आणि मी बी गप बसले. तू अंगणात कुडकुडून राह्यली होतीस आन् मी दारात उभी होते. ते मला इसरणं होत न्हाई."

इनायतभाईंनी तिच्यापुढं बशी ठेवली. तिनं तुकडा मोडला, पण खाल्ला नाही.

"तो कावळा अंड्याला आल्ता, तृप्ते."

"काय?"

"दहाव्याला. पिंडावर यांच्या आवडीचं काहीच न्हवतं. भात, वडे, खीर. मला माहीत होतं कावळा शिवणार न्हाई. कोंबड्यावाल्या चांगुणाबाईकडून एक अंडं उकडून आणल्तं, पदरात बांधून. वाकले तवा भातात दडवलं. मंग लगेच आला." तिनं पदरानं नाक पुसलं. "नेमके भाऊजी त्याच टायमाला बोलले."

मी हसले की रडले, मला माहीत नाही. गाव ज्याला हात जोडत होतं, ज्याच्या नावावर आईला गोठ्यात जुंपलं होतं, तो उकडलेल्या अंड्यासाठी आलेला एक भुकेला कावळा होता. आणि ती हे कुणाला सांगू शकत नव्हती, कारण सांगितलं तर मेलेल्या नवऱ्याची माळ चव्हाट्यावर आली असती. स्वतःच्याच हातानं तिनं स्वतःला अडकवलं होतं.

"म्हणून म्हणते, नाशिकला चल," मी पर्समधून तिकिटं काढली. "उद्याची आहेत. कपडे तिकडेच घेऊ."

आईनं तिकिटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मला न विचारता काढली?"

मी तिकिटं पुन्हा पर्समध्ये कोंबू लागले.

"दिरानं न विचारता ठेवून घ्यायचं, पोरीनं न विचारता उचलून न्यायचं. मला काय पाहिजे ते कोण विचारणार?"

तेव्हा मला माझी स्वतःची किळस आली. सगळ्यांना नावं ठेवत मीही तेच करत होते, फक्त जरा स्वच्छ हातांनी.

"काय पाहिजे तुला?"

ती उत्तर देणार तोच तिचा फोन वाजला. काका. आवाज एवढा मोठा की इनायतभाईंनाही ऐकू गेला. "वहिनी, उद्या सकाळच्या गाडीनं निघा. म्हैस दूध चोरून राह्यली. उषाला धार देत न्हाई."

"भाऊजी, एक सांगायचं होतं," आई म्हणाली. "दहाव्याला मी पिंडात अंडं ठेवल्तं. यांना आवडायचं. कावळा त्याला आल्ता, तुमच्या बोलण्याला न्हाई."

काकाचा आवाज एकदम खाली आला. "शी शी, वहिनी! काय बोलून राह्यल्या? हे आणखी कुणाला म्हणलात का? दादाच्या नावाला, साऱ्या घराला बट्टा लागंल. पुढच्या एकादशीचं भजन आपल्याच दारी हाये!"

"न्हाई म्हणत कुणाला. माझ्या वाटणीचं शेत आन् आखाडा मला येगळा करून द्या. माझी चूल तिथं राहील. न्हाई तं एकादशीला मीच भजनात सांगते."

तिनं फोन बंद करून बटव्यात टाकला.

"मी हे बोलले ते यांना चाललं असतं का गं?" तिनं विचारलं. आणि तिनंच मान हलवली. "चाललं असतं. मरायच्या आधी एवढंच बोलले, नंदे, आखाडा सोडू नको."

मग ती खायला लागली. हळूहळू, चवीनं, मिरची बाजूला काढत. ओठांच्या कडेला तेल आलं. टरफलांवरच्या माशा तिच्या बशीभोवती घोंगावत होत्या, गटाराचा वास येत होता, आणि माझ्या तोंडात ती जुनी चव दाटून आली होती.

अर्धी बशी संपल्यावर तिनं वर पाहिलं.

"तुला खा म्हणत न्हाई मी," ती म्हणाली. "पण माझ्यासमोर नाकाचा रुमाल तेवढा काढ."

मी रुमाल काढला. वास घाणेरडाच होता. मी तिच्या शेजारी बाकड्यावर बसले आणि तिचं खाणं होईपर्यंत तो वास घेत राहिले.