एकाच मुशीतलं सोनं

आजीच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्या आईच्या बांगड्या आपल्यासमोरच वितळवायच्या असं तिने बजावूनही सोनाराने त्या कालच दुसऱ्या एका बाईच्या साखळीबरोबर एकाच मुशीत घातल्या होत्या.

"सोनं ते सोनं, मावशी. वजनात गुंजभर फरक नाही," सोनार म्हणाला.

"मी वजन मागितलं का तुला? नातीला तिच्या पणजीच्या हातातलं सोनं द्यायचं होतं मला."

सोबत आलेली नात कॉलेजात ताऱ्यांचा अभ्यास करायची. आजीला शांत करायला ती म्हणाली, "आजी, सोनं पृथ्वीवर बनतच नाही. मेलेले तारे एकमेकांवर आदळतात, त्या स्फोटात ते घडतं. सगळ्यांचं सोनं तिकडूनच आलंय."

"बघा, शिकलेली पोर काय म्हणते," सोनाराला जोर चढला.

"तू गप रे. तारे आदळले तेव्हा विचारायला कुणी नव्हतं. इथे मी होते, आणि तुला तोंड होतं." मग ती नातीकडे वळली. "आणि तू गं? येऊ दे आभाळातून. चाळीस वर्षं धुणी धुताना माझ्या आईच्या हातात झिजलं, ते पण ताऱ्यांनीच झिजवलं का?"



"ती साखळीवाली कुठे राहते?" आजीने सोनाराला विचारलं.

"तिला कशाला त्रास, मावशी?"

"माझी अर्धी आई तिच्या गळ्यात पडणार. कोण होती, कशी होती, हे तिला कळायला नको? पत्ता लिही."

सोनाराने निमूट चिठ्ठी लिहिली. आजीने ती नातीच्या हातात कोंबली.

"वाच, आणि चल पुढे."